मैद्याची घनता

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. साताऱ्यातल्या एका शाळेत उभी हयात मी हे वाक्य नववीच्या पोरांकडून घोकून घेतलं. अजूनही राजवाड्यावर भाजी घ्यायला गेलो की एखादा पोट सुटलेला गृहस्थ स्कूटर थांबवून 'सर, वस्तुमान भागिले आकारमान, बरोबर ना?' असं भर रस्त्यात ओरडतो, आणि त्याच्या मागे बसलेली त्याची बायको आपण नक्की कुणाशी लग्न केलंय याचा नव्यानं विचार करू लागते. किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस जड, या एका प्रश्नावर मी किती पोरांना बाकावर उभं केलं असेल, त्याला गणती नाही. सांगायचा मुद्दा असा की, एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम हे ज्यांना कळायलाच हवं अशा माणसांची यादी जिल्ह्यात कुणी करायला घेतली असती, तर माझं नाव पहिल्या पानावर आलं असतं. या भरवशावरच मी केक करायला घेतला.

निमित्त होतं हिच्या साठीचं. आमच्याकडे वाढदिवसाला सकाळी औक्षण, दुपारी शेवयांची खीर आणि संध्याकाळी बटाटेवडे असा ठरलेला बेत असतो, आणि तो सगळा जिचा वाढदिवस तीच रांधते. यंदा तरी तिनं ओट्यापाशी उभं राहू नये, असा एक उदात्त विचार माझ्या मनात आला. उदात्त विचारांनी माझं आजवर कधीच भलं केलेलं नाही. पण मुलानं मोठ्या हौसेनं आणून दिलेला ओव्हन, ज्यात ही आतापर्यंत कुरडया, उरलेला ब्रेड आणि विजेची बिलं ठेवत आली होती, तो मला जाता-येता खुणावत होता. मी न्यू जर्सीतल्या पुतणीला फोन लावला. 'काका, एकदम सोप्पा आहे, माझी नऊ वर्षांची लेक करते,' असं म्हणून तिनं कृती पाठवली. दोन कप मैदा, दीड कप साखर, पाऊण कप कोको, एक कप दूध, अर्धा कप तेल, दोन अंडी, एक टीस्पून सोडा आणि ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर. त्यातलं फॅरनहाइट मी तिथल्या तिथे तोंडी सोडवलं, १७७ सेल्सिअस, आणि हिच्याकडे पाहिलं. तिनं 'वा' म्हटलं. पुढच्या सगळ्या प्रकरणात मिळालेली ही एकमेव दाद, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग मी कपांसाठी फडताळ उघडलं. वास्तुशांतीत आलेल्या संचातले कान तुटलेले दोन. एका बँकेनं ठेवीवर दिलेला मग. पाहुण्यांसाठीचे सोनेरी काठाचे, ज्यांत चहा इतका कमी मावतो की पाहुणा दुसऱ्या घोटाला चपला शोधू लागतो. आणि माझा स्वतःचा, ज्याला ही 'बादली' म्हणते. यातला कृतीतला कप कोणता? विज्ञानाचा शिक्षक अंदाजपंचे काम करत नाही. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं दहा मिलीचं टोपण घेतलं आणि एकेका कपात टोपणं ओतून मोजू लागलो. नव्वद, एकशे चाळीस, एकशे साठ. बादली तीनशेच्या पुढे गेली तेव्हा दाराची बेल वाजली, आकडा विसरलो, पुन्हा पहिल्यापासून. ओटाभर पाणी झालं, पाण्याला ज्येष्ठमधाचा वास सुटला आणि संध्याकाळच्या चहालाही तो आला. शेवटी पुतणीलाच विचारलं. ती म्हणाली, 'काका, चहाचा कप नाही घ्यायचा! इथला मापाचा कप वेगळा असतो, २३६.६ मिलीचा. तुम्ही २४० धरा.'

दोनशे चाळीस. आता पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. त्या दिवशी ते झोपेतच सांगितलं असावं, कारण मी कागद पुढे ओढून शांतपणे लिहीत गेलो : एक कप २४० ग्रॅम, म्हणून मैदा ४८०, साखर ३६०, कोको १८०. खाली दोन रेघा मारल्या. यादी घेऊन कोपऱ्यावरच्या शेठकडे गेलो आणि 'काट्यावर अगदी चोख मोजा हं' अशी ताकीद दिली. कोकोचा आकडा ऐकून शेठनं चष्म्यावरून पाहिलं. 'सर, हॉटेल काढताय?' मी म्हटलं, 'शास्त्रशुद्ध माप आहे.' शेठ गप्प बसला. तो माझा विद्यार्थी नव्हता, नाहीतर त्यानं विचारलं असतं.

घरी येऊन सगळं पातेल्यात एकत्र केलं आणि रवी घातली. रवी उभी राहिली. मी हात काढून घेतला तरी ती उभीच होती. मग कालथा आणला, मग डाव, आणि अखेर बाह्या सरसावून दोन्ही हातांनी मळायला बसलो तेव्हा ही दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ त्या काळ्याभोर गोळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, 'पोळपाट देऊ का?' मी उत्तर दिलं नाही. गोळा थापटून थापटून भांड्यात बसवला, भांडं ओव्हनमध्ये ढकललं, आणि पाऊण तासानं जे बाहेर आलं त्याची उंची आत गेलेल्यापेक्षा केसभरही वाढलेली नव्हती. चवीला ते कडूजहर होतं. ही चव आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली, कारण पहिल्या दिवशी सुरी आत गेली नाही.

आता चहा ओतून घ्या, कारण याहून लाजिरवाणा भाग पुढे आहे. आकारमानाचं वजन करताना घनता विसरली तर काय अनर्थ होतो, याचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं कोरं करकरीत बोइंग ७६७ मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाचा काटा नादुरुस्त, म्हणून टाकीतली पातळी पट्टीनं मोजली, ती भरली ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला साधारण ०.८ नं गुणायचं. पण कॅनडात तेव्हा दशमान पद्धत नुकती रुजत होती, आणि हाताशी आकडा होता १.७७, जो लिटरचे पौंड करतो. आलेले पौंड सगळ्यांनी किलो समजून घेतले, त्यावर हिशेब करून वरचं इंधन भरलं, आणि हव्या त्याच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं. एक्केचाळीस हजार फुटांवर आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा नाद होता म्हणून निभावलं. त्यांनी ते धूड तरंगत तरंगत आणून गिमली गावाजवळ हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतींचा मेळा भरलेला होता. कुणी दगावलं नाही. एवढं सांगून झालं की मी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचो, 'बघा बाळांनो, एवढे शिकलेले लोक, आणि साधी घनता विसरले!' वर्ग पोट धरून हसायचा.

पिअर्सनसाहेबांनी विमान तरी उतरवलं. माझा केक भांड्यातून उतरेना.

पाणी पाण्याच्या जागी ठीक आहे. पण मैद्याच्या कणाकणामध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे अमेरिकी कपभर मैदा जेमतेम १२० ग्रॅम भरतो, पाण्याच्या बरोबर निम्मा. साखर त्याच कपात २०० ग्रॅम बसते. तीच साखर दळून पिठी केली की पुन्हा १२०च्या आसपास येते, म्हणजे मिक्सरमध्ये घालून आपण तिचं काहीच कमी केलेलं नसताना. कोको तर अवघा ८५. आणि मध? ३४०. कोकोच्या चौपट! मी घातलेला १८० ग्रॅम कोको म्हणजे पाऊण कप नव्हे, दोन कपांहून जास्त होता. हे सगळं मला तक्त्यात वाचून कळलं, आणि तक्ता मागितला तेव्हा पुतणी म्हणाली, 'काका, तुम्ही सायन्स शिकवायचात ना?' मी आवाज येत नसल्याचं सांगून फोन ठेवला.

वजनाची भानगडच नको, असं ठरवून मी मापांकडे वळलो. अमेरिकेतली नऊ वर्षांची पोरगी कपानं करते तर आपणही कपानंच करू. त्याच सुमारास माळ्यावर मला एक पारदर्शक प्लॅस्टिकचा कप सापडला. अंगावर बारीक रेघा, रेघांवर आकडे, दिसायला अगदी प्रयोगशाळेतला. हाच तो मापाचा कप, अशी माझी खात्री पटली. तो विजेच्या भातकुकरबरोबर आलेला कप होता. जपानी वळणाच्या त्या कुकरचा कप १८० मिलीचा असतो, ही गोष्ट केक बिघडण्याआधीही कळू शकली असती, कारण ती कुकरच्या पुस्तिकेत छापलेली आहे आणि पुस्तिका आमच्या ओव्हनमध्ये होती.

यावर हिचं म्हणणं असं की, कप कुठलाही घेतला तरी बिघडायचं कारणच नाही. 'मी शिरा करते तो काय ग्रॅम मोजून? वाटीभर रवा, वाटीभर साखर. वाटी लहान असली तर शिरा कमी होतो, चव बदलत नाही. एकाच भांड्यानं सगळं मोजायचं, झालं.' हे शंभर टक्के खरं आहे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली तेव्हापासून घरोघरच्या सुना वाटी-चमच्याच्या मापांवर स्वयंपाक शिकल्या, आणि कुणाच्या घरची वाटी कुणाच्या घरच्या वाटीशी जुळत नसताना कुणाचा शिरा बिघडला नाही. प्रमाण राखलं की माप आपोआप राखलं जातं. हे मी गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यात शिकवलेलं आहे, हेही तिनंच मला आठवून दिलं.

पण केकमध्ये एक प्राणी असा असतो, जो वाटी बघून लहान होत नाही. अंडं. माझ्या जपानी कपानं मैदा, साखर, दूध, तेल, सगळ्यांना इमानेइतबारे पाऊणपट केलं. अंडी मात्र होती ती दोनच राहिली. आणि सोडाही चमच्यानं जायचा असल्यामुळे पूर्णच गेला. आता टीस्पून म्हणजे पाच मिली, हे मला ठाऊक होतं. पण हाताला लागला तो पोह्याचा चमचा, आणि तोही मी आईच्या हातून साखर घ्यायची सवय असल्यानं वर डोंगर ठेवून भरला. केक जो फुगला, तो फुगतच गेला. मी हिला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली, काचेतून सगळ्यांना दाखवला. सगळे जमले आणि सगळ्यांसमक्ष तो मधोमध खाली बसला. खाल्ला तर आधी ऑम्लेटचा वास, आणि मागाहून साबणाची चव, कारण जादा झालेल्या सोड्याला मुरवायला पुरेसं आंबट काही नसलं की तो तसाच जिभेवर येतो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, 'वेगळाच लागतोय.' मराठी माणसानं पदार्थाला 'वेगळा' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं.

या टप्प्यावर हिनं आपल्या माहेरची कुमक मागवली. तिची धाकटी बहीण मेलबर्नला असते आणि तिचे केक, असं तिच्याकडूनच ऐकलंय, अख्ख्या महाराष्ट्र मंडळात प्रसिद्ध आहेत. रविवारी व्हिडिओ कॉल लावला. एका चौकोनात मेहुणी, एका चौकोनात पुतणी, मध्ये मी वही घेऊन. मेहुणी म्हणाली, 'भावजी, कप २५० मिलीचा.' पुतणी म्हणाली, '२४०!' मेहुणी म्हणाली, 'टेबलस्पून वीस मिली.' पुतणी म्हणाली, 'मावशी, पंधरा!' मला वाटलं, दोघींपैकी एक चुकतेय. नाही. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून खरोखरच वीस मिलीचा, म्हणजे चार टीस्पूनचा असतो, आणि अमेरिकेतला तीनचा. पुतणी लोणी 'स्टिक'मध्ये सांगत होती. तिकडची एक स्टिक ११३ ग्रॅमची, आपल्याकडचं पाकीट १०० ग्रॅमचं, वर आपलं खारट. त्यात मेहुणीचे यजमान मागून जाता जाता म्हणाले, 'जुन्या विलायती पुस्तकांत अर्ध्या पाइंटाचा कप असतो, २८४ मिलीचा,' आणि आग लावून निघून गेले. तासाभरानं दोन खंडांत अबोला झाला, ही मला म्हणाली, 'तुम्हाला नुसता केक करायला सांगितला होता,' जे खरं नव्हतं, कारण मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि माझ्या वहीत एका कपाची चार मापं जमली होती. घरचे कप सोडून.

म्हणून काटा घेतला. पातळसा, काचेचा, बॅटरीवरचा. प्रत्येक गोष्टीचं वजन करायचं, तक्त्यात पाहायचं, प्रश्न मिटला. प्रश्न तिथूनच सुरू झाला, कारण मी एक कप मैदा काट्यावर ठेवला तर तो १४८ ग्रॅम भरला. तक्ता म्हणतो १२०. पुन्हा भरला, १५५. पुन्हा, १४१. काटा बिघडला म्हणून त्यावर पाणी ठेवून पाहिलं, ते दर वेळी तेवढंच. मग माझ्यातला शिक्षक जागा झाला, मी वहीत रकाने आखले आणि सबंध दुपार एकाच मैद्याला एकाच कपात निरनिराळ्या वाटांनी घातलं. चाळणीनं चाळून अलगद पाडला, ११०. चमच्याचमच्यानं भरून सुरीच्या पाठीनं सपाट केला, १२३. कप डब्यात खुपसून खरवडून काढला, १५०च्या घरात. कप ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरला, तर १६०च्या वर. कृतीत दोन कप असले तर या एका खोडीनं सत्तर-ऐंशी ग्रॅम मैदा जास्त जातो, आणि त्यात आमच्या डब्यातला मैदा मुळातच ठोकून बसवलेला, कारण पाऊण किलोच्या डब्यात किलोची पिशवी मावलीच पाहिजे, असा हिचा बाणा आहे. उभी हयात मी फळ्यावर लोखंडाची घनता लिहिली, पाऱ्याची लिहिली, रॉकेलची लिहिली, आणि ती पुसेपर्यंत तेवढीच राहायची. मैद्याची घनता डबा कुणी भरला यावर ठरते.

हा घोळ नवा नाही. अमेरिकेत पूर्वी कृतीमध्ये 'लोणी अक्रोडाएवढं' अशी मापं असत. कुणाचा अक्रोड केवढा, देव जाणे. १८९६ साली बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात ठणकावून सांगितलं की, कप म्हणजे मापाचा कप आणि तो काठाशी सपाट. चमचाही सुरीनं सपाट केलेला. तिकडे त्यांना सपाट मापांची माताच मानतात. पण आमच्या आजीला हे बोस्टनवरून कळायची गरज नव्हती. तिच्या कोठीघरात चिपटं, मापटं, शेर, पायली अशी ओळीनं उभी असत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्य मोजताना आधी ठरायचं ते एकच, शीग लावून की सपाट? देणारा सपाट म्हणायचा, घेणारा शीग म्हणायचा, आणि वर हातानं धान्य रचताना शेवटचा दाणा ओघळेपर्यंत दोघंही श्वास रोखून उभे. शिवाय शेर मापी वेगळा आणि वजनी वेगळा, ऐंशी तोळ्यांचा. १९५६ साली कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला आणि कोठीतली सगळी मापं माळ्यावर गेली. आता तीच कटकट मी न्यू जर्सीवरून फुकटात परत मागवली होती.

या अवस्थेत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बेकरीत गेलो. पोवई नाक्याकडे त्याचं बरं चाललंय. मी माझी वही त्याच्या पुढ्यात ठेवली, तशी त्यानं गल्ल्यावर पोरगा बसवला, मला आत नेलं, आणि रकाने पाहत बराच वेळ गंभीर राहिला. हसू दाबणाऱ्या माणसाचा चेहरा मला चांगला ओळखू येतो. तीस-चाळीस चेहरे समोर घेऊन मी आयुष्य काढलंय. 'सर,' तो म्हणाला, 'बेकरीत कप नसतो. पोत्यानं येणारा मैदा कपानं कोण मोजणार? आम्ही मैदा शंभर धरतो, बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत. पाणी साठ म्हणजे मैद्याच्या साठ टक्के वजन. पाच किलो असो की पन्नास, हिशेब तोच.' मग थोडं थांबून, 'हे मी तुमच्याकडेच शिकलो, सर.' मला बरं वाटलं. 'म्हणजे, बाकावर उभं राहून,' तो म्हणाला.

त्यानं मला एक युक्ती दिली. अंडं बदलत नाही ना, मग अंड्यालाच वजन करा. चार अंडी टरफलासकट काट्यावर ठेवा. जेवढी भरतील तेवढंच बिनमिठाचं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा, वर बेताची बेकिंग पावडर. इंग्रजांचा व्हिक्टोरिया स्पंज घरोघरी असाच करतात. पाउंड केक म्हणतात तोही याच कुळातला, चारही जिनसा एकेक पौंड. फ्रेंच लोक त्याला चार चतुर्थांश म्हणूनच ओळखतात. ना कप, ना तक्ता, ना मेलबर्न. कोको हवा असेल तर थोडा मैदा काढून त्याच्याच वजनाचा घाला. हे सांगताना त्यानं माझा हात धरून, 'वजनाचा, सर,' असं दोनदा बजावलं.

साठीच्या आदल्या रात्री, ही झोपल्यावर, मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. अंडी काट्यावर ठेवली, २१२. लोणी २१२. साखर २१२. मैदा वीस-वीस ग्रॅमनं पाडत २१२ पाशी आणताना एक चिमूट जास्त पडली, ती मी चिमटीनंच परत काढली. लोणी-साखर फेसताना हात भरून आला, पण रवी या खेपेला फिरत होती. ओव्हनसमोर पाट मांडून बसलो. केक फुगला, मी कुणालाही हाक मारली नाही. तो फुगलेलाच राहिला.

सकाळी औक्षणानंतर केक कापला. हिनं एक घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि 'कुठल्या बेकरीतून आणलात?' असं विचारलं. याहून मोठं प्रशस्तिपत्रक मला शाळेच्या निरोप-समारंभातही मिळालेलं नाही. मी पुरावा म्हणून मुलाला ओट्यावर नेलं, काटा चालू केला, माझी पद्धत समजावून सांगू लागलो. तो वाकून पाहत म्हणाला, 'बाबा, पण हा काटा ग्रॅमवर नाहीये. इथे बघा, मिली लिहिलंय.' खरंच, कोपऱ्यात बारीक अक्षरांत मिली होतं. त्याच्या पाठीमागे एक बटण असतं. एकदा दाबलं की ग्रॅम, पुन्हा दाबलं की औंस, पुन्हा दाबलं की मिली. मिलीवर असताना तो बिचारा वर ठेवलेलं सगळं पाणीच आहे असं समजतो, मैदा ठेवा नाहीतर लोणी, एक ग्रॅमला एक मिली लावून मोकळा होतो. तो काटा माझ्या वर्गात शिकला असावा.

चारही जिनसा सारख्याच असल्यामुळे त्यानं काही बिघडलं नव्हतं. आकडा मिलीत दिसता काय आणि औंसात दिसता काय, केक तोच झाला असता. हे मी मुलाला फळ्यावर, म्हणजे फ्रिजच्या दारावर, बोटानं सिद्ध करून दाखवत होतो, तेवढ्यात शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या. केकची बातमी जिन्यातून वर गेली होती. या वेळी त्यांनी 'वेगळा' म्हटलं नाही. उलट म्हणाल्या, 'सर, रविवारी नातवाचा वाढदिवस आहे. मला नीट लिहूनच द्या.' मी खुर्ची दिली, वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली आणि पहिली पायरी लिहिली : चार अंडी टरफलासकट काट्यावर ठेवावीत.

'अय्या, अंडी आमच्याकडे चालत नाहीत,' वहिनी म्हणाल्या. 'ती सोडून बाकीचं सांगा. आणि ते ग्रॅमबिम नको हं, वाटीनंच सांगा.'

मी पायरी खोडली आणि तिच्याखाली पोवई नाक्यावरच्या बेकरीचा पत्ता लिहून दिला.